आवर सैल करणारी तीन पाने

शास्त्रीय निबंध रसग्रहणासाठी सहसा कुणी हाती घेत नाही. त्यात माहिती असायची, रस कुठला, असे आपण धरूनच चालतो. मात्र २२ मार्च १९९६च्या ‘सायन्स’ साप्ताहिकातला डॅना लीच, मॅथ्यू क्रुमेल आणि जेम्स ॲलिसन यांचा निबंध मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या प्रयोगशाळेतून आलेली ही जेमतेम तीन पाने. सीटीएलए-४ हा रेणू अडवला की ट्यूमरविरुद्धची प्रतिकारशक्ती वाढते, एवढेच त्यांचे शीर्षक सांगते. कर्करोगावरच्या उपचाराला नवी दिशा देणारी ही पाने किती नेटकी रचली आहेत, हे पाहण्यासारखे आहे.

आधी पूर्वपीठिका. टी-पेशीने परका रेणू ओळखला तरी ती लगेच हल्ला करत नाही. समोरच्या पेशीवरचा बी-७ हा रेणू टी-पेशीच्या सीडी-२८शी जुळावा लागतो. तेव्हा ती चेतते आणि तिची संख्या वाढू लागते. पुढे तिच्याच पृष्ठभागावर सीटीएलए-४ येतो. तोही बी-७लाच धरतो, आणि सीडी-२८पेक्षा कितीतरी घट्ट. टी-पेशी आवरली जाते. हा आवर किती मोलाचा आहे ते १९९५ साली कळले. ज्या उंदरांमधून सीटीएलए-४चे जनुक काढून टाकले होते, ते तीन-चार आठवड्यांतच दगावले. मोकाट सुटलेल्या टी-पेशी त्यांच्याच अवयवांत शिरल्या होत्या. शरीर जगते ते या संयमावर. कर्करोगाच्या पेशी आपल्याच शरीरातल्या असल्याने त्याच संयमाचा लाभ त्यांनाही मिळतो.

निबंधाचा गाभा इथे आहे. याच प्रयोगशाळेने १९९३ साली कर्कपेशींत बी-७चे जनुक घालून उंदरांना त्या पेशी नाकारायला लावल्या होत्या. तिथे बदल ट्यूमरमध्ये करावा लागला होता. १९९६च्या निबंधात ट्यूमर आहे तसाच ठेवला आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी उंदरांना टोचल्या आणि सीटीएलए-४ झाकणारे प्रतिपिंड दिले. या प्रतिपिंडाला ट्यूमरची ओळखच नाही. ते टी-पेशीला जाऊन चिकटते, तिचा आवर सैल करते आणि पुढचे काम तिच्यावर सोपवते. तोवर बहुतेक औषधांनी कर्कपेशीवरच नेम धरला होता. इथे औषध रोग्याच्या स्वतःच्या पेशीशी बोलते. या कल्पनेतले धाडस मला दर वाचनात नव्याने जाणवते.

मांडणी तितकीच देखणी. वाचकाच्या मनात शंका यावी आणि पुढच्याच प्रयोगाने तिचे उत्तर द्यावे, असा या पानांचा ओघ आहे. कोणतेही प्रतिपिंड दिले तरी हेच घडेल का? सीडी-२८विरुद्धचे प्रतिपिंड मिळालेल्या उंदरांत गाठी वाढतच राहिल्या. हे एकाच ट्यूमरचे वैशिष्ट्य असेल का? फायब्रोसार्कोमा या अगदी वेगळ्या कर्करोगातही परिणाम दिसला. रोगी तर गाठ वाढल्यावर येतो, त्याचे काय? मग उपचार उशिरा सुरू करून, रुजलेल्या गाठींवरही तो पडताळला. आणि हे टिकेल का? बऱ्या झालेल्या उंदरांना त्याच पेशी पुन्हा टोचल्या, तरी त्यांनी दाद दिली नाही. शरीराला आठवण राहिली होती.

आलेखांतही एक नाट्य आहे. उपचार मिळालेल्या उंदरांतल्या गाठी आधी थोड्या वाढतात आणि मग विरतात. टी-पेशींना संख्येने वाढायला जो वेळ लागतो, तो त्या रेषेत उमटला आहे. पुढे माणसांतही काही रोग्यांच्या गाठी स्कॅनमध्ये आधी मोठ्या झालेल्या दिसल्या आणि नंतर आकसल्या; उपचार लागू पडला की नाही हे ठरवण्याचे निकषच त्यामुळे बदलावे लागले. १९९४च्या अखेरीस पहिले निकाल पाहून या मंडळींनी नाताळच्या सुट्टीतच प्रयोग पुन्हा करून पाहिला होता. तो उत्साह निबंधात कुठेही उतू जात नाही. पुराव्याला पेलेल तेवढाच दावा त्यात आहे.

ही पाने उंदरांची आहेत, आणि माणसाची गोष्ट अधिक कठीण निघाली. यातूनच घडलेल्या इपिलिमुमॅब या औषधाने पसरलेल्या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाच्या, रोग्यांचे मध्यम आयुर्मान ६.४ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर नेले, हे २०१० साली प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. पण आवर सैल होताच आतडी, त्वचा, यकृत, पियुषिका ग्रंथी यांवरही टी-पेशी उलटू शकतात. शिवाय ज्या गाठीपर्यंत टी-पेशी पोचलेल्याच नसतात, तिथे त्यांना मोकळे करून फारसे साधत नाही. क्योटोच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ साली शोधलेला पीडी-१ हा असाच दुसरा आवर. २०१८चे नोबेल ॲलिसन आणि होंजो यांना मिळून मिळाले.

या विचाराचा एक धागा मुंबईतही आला आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोके आणि मान यांच्या बळावलेल्या कर्करोगात पीडी-१ अडवणारे निवोलुमॅब दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम दिले. प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही हे कमी. सोबत कमी मात्रेतली तोंडाने घ्यायची औषधे होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निकालांत, वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण निव्वळ त्या औषधांवर १६.३ टक्के होते. निवोलुमॅबची जोड मिळाल्यावर ते ४३.४ टक्के झाले. तंबाखूमुळे होणारे तोंडाचे कर्करोग घरोघर ठाऊक असलेल्या आपल्या मुलखात, आणि न परवडणाऱ्या किमतीमुळे औषध दूर राहणाऱ्यांसाठी, या आकड्यांचे मोल मोठे आहे.

चांगली कलाकृती तिच्या कर्त्यांना न सुचलेले प्रश्नही पुढच्यांना विचारायला लावते. आवर सैल करता येतो, हे बर्कलीच्या तीन पानांनी दाखवले. तो किती सैल करावा, कुणासाठी, आणि कोणत्या किमतीत, हे ठरवण्याचे काम आता दवाखान्या-दवाखान्यांत चालू आहे, आणि त्यात मुंबईचाही वाटा आहे.