‘शहाण्यांचा’ ह्या शब्दाची किंमत

मराठी बोलीत काही गावांची नावे केवळ गावांची राहिलेली नाहीत. ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ ह्या उद्गारातील ठाणे हे तलावांचे शहर नव्हे. ते १९०१ साली तेथे उभे राहिलेले मनोरुग्णालय होय. त्याच शहरात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ह्या संस्थेची स्थापना केली, आणि पुढे आपल्या एका पुस्तकास ‘शहाण्यांचा सायकिअ‍ॅट्रिस्ट’ असे नाव दिले. खाजगी मानसोपचाराचा व्यवसाय ठाणे-डोंबिवलीकडे कसा रुजला, ह्याचा विचार करताना ह्या शीर्षकाचे परीक्षण उपयोगी पडावे. कारण व्यवसायाची मूळ अडचण आणि तीवर काढलेला तोडगा ही दोन्ही त्यात एकत्र आली आहेत.

अडचण उघड आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणणाऱ्या समाजात मानसोपचारकाची पायरी चढणे म्हणजे आपण शहाणे नसल्याची कबुली देणे होय. शीर्षक ही कबुली अनावश्यक ठरविते. येणारा मनुष्य शहाणाच आहे, हे दारातच मान्य होते. प्रचाराच्या दृष्टीने ह्याहून नेमका शब्द सापडणे कठीण. पण ह्या शब्दाची किंमतही आहे. ‘शहाण्यांचा’ म्हटले की ‘वेड्यांचा’ कोणी दुसरा असतो, हे गृहीत धरले जाते. मनोरुग्णालयाची भिंत पाडली जात नाही, ग्राहकाला केवळ तिच्या अलीकडे उभे केले जाते. लेखकाचा हेतू तसा नाही, हे संस्थेच्या ‘सुदृढ मन सर्वांसाठी’ ह्या ब्रीदावरून दिसते. तथापि ‘सर्वांसाठी’ हा शब्द उदार असला तरी कोणालाही जिना चढावयास लावीत नाही. ‘शहाण्यांचा’ हा शब्द लावतो. दोहोंतील हा ताण शीर्षकाच्या चातुर्यामुळे झाकला जातो, आणि नव्या व्यावसायिकाला तोच प्रथम जाणवतो.

ह्या व्यवसायाचे अर्थकारण इतर वैद्यकाहून निराळे आहे. सामान्य डॉक्टर तासाभरात अनेक रोगी तपासतो, आणि रोगी हातात काहीतरी घेऊन बाहेर पडतो: गोळी, बाटली, निदान चिठ्ठी. औषध न देणाऱ्या मानसशास्त्रज्ञाजवळ विकावयास केवळ पाऊण तास आणि बोलणे असते. शहाण्याला शब्दाचा मार पुरे मानणाऱ्यांना शब्दांसाठी दर आठवड्यास पैसे मोजणे सहजी पटत नाही. वडीलधारे, कीर्तनकार, शेजारी हे सर्व सल्ला फुकट देतात. आणि उदंड देतात! शिवाय दिवसाला पाच-सहा माणसांपलीकडे एकाग्रतेने ऐकणे शक्य नसते, आणि ऐनवेळी रद्द झालेला तास दुसऱ्या कोणास विकता येत नाही.

डोंबिवली-कल्याणकडे ह्यात लोकलचे वेळापत्रक मिसळते. नोकरदार सकाळी निघतो, रात्री आठ-नऊला परततो. म्हणून संध्याकाळ आणि रविवार ह्यांवर सर्व भार येतो. दिवसभर खोली रिकामी राहते, भाडे मात्र चालूच. इमारतीच्या तळमजल्यावरील पाटी ओळखीच्या दहा माणसांच्या दृष्टीस पडते. तेव्हा डोंबिवलीकराने त्याच कामासाठी ठाण्यास उतरणे पसंत केले, तर ते समजण्यासारखे आहे. गाव बदलले की शहाणपण शाबूत राहते. २०२० नंतर रूढ झालेल्या दूरदृश्य भेटीने हा प्रवास वाचला खरा. परंतु दोन खोल्यांच्या घरात सासूविषयी बोलावयाचे तर दार कोणते लावावे?

१९९० च्या प्रयोगाचे यश ह्या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. ते एकट्या चिकित्सकाच्या खोलीचे यश नव्हे. त्यामागे संस्था होती, सहकारी होते, आणि व्याख्याने, पुस्तके, ‘वेध’सारखे विद्यार्थ्यांसाठीचे कार्यक्रम ह्यांतून आपला श्रोता आधी घडविण्याची चिकाटी होती. खोलीत येण्यापूर्वी माणूस सभागृहात येऊन बसलेला असे, आणि सभागृहात बसण्याची लाज कोणालाच वाटत नाही. ‘शहाण्यांचा’ हा शब्द तेथे खरा ठरतो, कारण श्रोता आणि रोगी ह्यांच्यातील रेषाच तेथे पुसट होते. नुसते शीर्षक उचलून पाटीवर लावणाऱ्याला हे साधणार नाही.

पाटीचा प्रश्न आणखीही आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमान्वये चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंदणी होते, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमातही त्याची व्याख्या आहे. ‘समुपदेशक’ ह्या शब्दाला मात्र तितके घट्ट कुंपण लाभलेले नाही. परिणामी दोन वर्षे रुग्णालयात प्रशिक्षण घेतलेला आणि काही शनिवारांचा वर्ग केलेला, असे दोघेही एकाच जिन्यावर शेजारी बसू शकतात. आणि शुल्क कमी सांगणाऱ्याकडे आधी जाणारा ग्राहक, सगळे शहाणे असल्याने, दोघांत फरक काय हे विचारीत नाही.