माल बंद, पान उघडं

लेगो या डेन्मार्कच्या खेळणी-कंपनीच्या ऑनलाइन दुकानात १०२५६ क्रमांकाचं एक पान आहे. ताजमहालाचं. ५,९२३ तुकडे जोडून उभा करायचा, साधारण अर्धा मीटर रुंदीचा पांढराशुभ्र ताज. हा संच आता तिथं विकत मिळत नाही. पान मात्र जागेवर आहे. फोटो आहेत, तुकड्यांची संख्या आहे, संचाचा क्रमांक आहे. खरेदीचं बटण तेवढं गेलंय आणि दोन शब्द आलेत: 'रिटायर्ड प्रॉडक्ट'.

या दोन शब्दांवर माझा जीव आहे. 'उपलब्ध नाही' म्हटलं असतं तरी व्यवहार भागला असता. 'बंद' म्हटलं असतं तरी खोटं ठरलं नसतं. पण 'रिटायर्ड' म्हणताना त्या वस्तूनं केलेल्या नोकरीची नोंद होते. निवृत्त माणूस उद्यापासून हजेरी लावणार नाही, हे पक्कं असतं. पण त्याचं नाव पुसलं जात नाही, त्याच्या घराचा पत्ता बदलत नाही, आणि त्याच्या हातचं काम अडलं तर त्याच्याकडं जाऊन विचारता येतं. त्या पानात हे तिन्ही आहे.

शिवाय हा शब्द एकटा येत नाही. याच दुकानात काही संचांवर आधीपासून 'लवकरच निवृत्त' अशा अर्थाची चिठ्ठी लागते. काहींवर 'तात्पुरता साठा संपला'. काहींवर 'बॅकऑर्डर', म्हणजे आज मागणी नोंदवा, माल आला की पाठवू. वरवर पाहिलं तर सगळ्यांचा अर्थ एकच वाटेल, की मनासारखं आज मिळणार नाही किंवा उद्या मिळणार नाही. पण प्रत्येक चिठ्ठी गिऱ्हाइकाला वेगळं काम सांगते. घाई कर. थांब. पैसे भरून थांब. आता वाट पाहू नकोस. 'नाही' या एका शब्दाच्या इतक्या छटा ज्याला वेगळ्या ठेवता येतात, त्याला दुकानदारी कळते.

मराठीला हे नवं नाही. आपल्याकडं कुंकू संपत नाही, वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. रात्री दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नसण्याबद्दल बोलताना जीभ सांभाळायची, हे भाषेनंच शिकवलंय. आणि जुन्या पेठेतल्या चांगल्या दुकानदाराच्या तोंडी नुसतं 'नाही' मी क्वचित ऐकलंय. "संपलंय, मंगळवारी गाडी येईल." "नाव लिहून ठेवतो, आलं की फोन करतो." आणि तिसरं, सगळ्यांत सुंदर: "कंपनीनंच बंद केलं ते, पण हे बसेल त्याला."

हे तिसरं वाक्य सावकाश वाचावं असं आहे. 'कंपनीनंच' मधला 'च' जबाबदारी जिथली तिथं ठेवतो. 'बंद केलं' खोटी आशा लावत नाही. 'पण' ऐकताच माघारी वळलेला माणूस थांबतो. आणि 'बसेल त्याला' यात दुकानदारानं ओळखलेलं असतं, की समोरच्याच्या घरी ती जुनी वस्तू अजून आहे.

ऑनलाइन दुकानं चालवणाऱ्या पुष्कळांना नेमकं हेच दिसत नाही. बंद झालेल्या वस्तूच्या पानावर कोण येतं? विकत घ्यायला निघालेला येतोच. पण ज्याच्याकडं ती वस्तू आहे, तोही येतो, आणि त्याची गरज जास्त असते.

मी असाच गेलो होतो. आईच्या मिक्सरच्या भांड्याखालचा कपलर झिजला होता. दाते गुळगुळीत, चटणी लावली की नुसता घरघर आवाज. भांडं पालथं करून, तळाशी जमलेलं हळदीचं पिवळं पुसून मॉडेलचा क्रमांक वाचला आणि शोधला. दुवा सापडला. दाबला, तर उघडलं कंपनीचं मुखपृष्ठ: नव्या मिक्सरवर सवलत. क्षणभर वाटलं, बोट चुकलं. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. 'तो मिक्सर आम्ही आता बनवत नाही' एवढं एक वाक्य असतं तरी मी शांतपणे दुरुस्तीवाल्याकडं गेलो असतो.

या प्रकाराला वेबच्या भाषेत पुनर्निर्देशन म्हणतात. जुन्या मॉडेलच्या जागी खरोखर तेच काम करणारं नवं मॉडेल आलं असेल, तर त्याच्या पानाकडं नेणं हा चांगला उपयोग आहे. सगळे मेलेले पत्ते उचलून मुखपृष्ठाच्या दारात आणून सोडणं हा गैरवापर. गूगललाही ते पटत नाही. अशा पानांना तो बहुधा 'सॉफ्ट ४०४' समजतो, म्हणजे तोंडानं 'सगळं ठीक' म्हणणारं, पण आत काही नसलेलं पान.

खरा ४०४ निदान 'सापडलं नाही' असं सरळ सांगतो. त्याहून मला आवडतो ४१०, 'गॉन'. गेलं. १९९७ पासून वेबच्या नियमावलीत असलेला हा संकेत सांगतो, की इथं होतं, जाणूनबुजून काढलंय, आता इकडं बोट दाखवणारे दुवेही काढून टाका. ही खूण किती काळ ठेवायची, ते नियमावली मालकावर सोडते. चार दिवसांच्या सणाच्या सवलतीला ४१० शोभतो. लोकांच्या ओट्यावर अजून फिरणाऱ्या मिक्सरला तो फार कठोर आहे. त्याचं पान उघडंच असायला हवं. आणि ज्याचा साठा नुसता आठवडाभर संपलाय, त्याच्या पानाला तर हातही लावू नये. माल परत येतो तेव्हा पत्ता तोच लागतो.

ताजमहालाचंच पाहा. हा संच पहिल्यांदा आला २००८ मध्ये, क्रमांक १०१८९, तुकडे ५,९२२. लेगोनं तोवर काढलेल्या संचांत इतके तुकडे कशातच नव्हते. पुढं तो निवृत्त झाला आणि हौशी संग्राहकांच्या बाजारात त्याची किंमत चढत गेली. २०१७ मध्ये कंपनीनं तोच ताज पुन्हा आणला, १०२५६ या नव्या क्रमांकानं, एक तुकडा जास्त घालून. जुन्याचा क्रमांक नव्याला दिला नाही, हे मला फार आवडलं. ज्याच्या घरी २००८ चा खोका आहे, त्याचा ताज त्याच्याच क्रमांकानं ओळखला जातो. नंतर १०२५६सुद्धा निवृत्त झाला आणि त्याच्या पानावर ते दोन शब्द आले.

जोडणीच्या पुस्तिका लेगोनं संकेतस्थळावर वेगळ्या ठेवल्यात, क्रमांक घालून शोधता येतात, पैसे पडत नाहीत. घर बदलताना मिनार निखळलेले असतात, घुमटाचे तुकडे कुठल्याशा डब्यात, कागदी पुस्तिका हरवलेली. खोक्याच्या कडेवरचा क्रमांक वाचून शोधलं, की पुस्तिका पहिल्या पानापासून उघडते.