प्रमुख कोणाला जबाबदार?

आज एकाच पुस्तकाबद्दल बोलणार आहे. ताइयाइके अल्फ्रेड हे मोहॉक समाजातले राज्यशास्त्रज्ञ. त्यांचं ‘पीस, पॉवर, राइटियसनेस’ १९९९ साली आलं. विषय आहे मूलनिवासींचं राजकीय नेतृत्व, मुख्यतः कॅनडातलं. पुस्तक रागावलेलं आहे. सरकारवर तर आहेच, पण स्वतःच्या समाजातल्या पुढाऱ्यांवरही तेवढाच राग आहे, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो.

पार्श्वभूमी थोडी सांगायला हवी. १८७६ चा ‘इंडियन अ‍ॅक्ट’. (इंडियन म्हणजे आपण नव्हे. कोलंबसाची चूक कायद्याच्या नावात जाऊन बसली ती बसलीच.) या कायद्यानं राखीव जमिनींवरच्या समूहांना ‘बँड’ ठरवलं. त्यांच्या काउन्सिलला अधिकार काय, हे ओटावातून ठरू लागलं. काउन्सिलनं केलेला नियम मंत्री रद्द करू शकत होता.

आता त्याआधी काय होतं ते बघा. होडेनोशोनी म्हणजे मोहॉकांसकट सहा राष्ट्रांचा संघ. त्यांच्यात प्रमुख निवडायचा हक्क कुलमातांचा. हरणाची शिंगं ही प्रमुखपदाची खूण. प्रमुख वाट चुकला की कुलमाता त्याला ताकीद देणार. ताकिदी देऊनही ऐकलं नाही तर शिंगं उतरवली जाणार. ग्रँड रिव्हरच्या वसाहतीत ही सभा विसाव्या शतकातही चालू होती. १९२३ साली त्यांचे डेस्काहे नावाचे प्रमुख गाऱ्हाणं घेऊन थेट जिनिव्हाला, राष्ट्रसंघाकडे गेले. १९२४ साली कॅनडा सरकारनं पोलिसांच्या बळावर ती सभा बाजूला सारली आणि निवडणुकीची काउन्सिल आणली. सुधारणा म्हणून, लोकशाही म्हणून! पण या कायद्याखालच्या निवडणुकांत बायकांना मतच नव्हतं. ते मिळालं १९५१ साली. म्हणजे ज्या बायका प्रमुखाला पदावरून उतरवू शकत होत्या, त्यांना साधा कागद पेटीत टाकायची मुभा राहिली नाही.

अल्फ्रेड यांचा मुख्य मुद्दा इथून कळतो. पैसा वरून येतो, अधिकार वरून येतो, मग प्रमुखाची मानही वरच्या दिशेनंच वळते. २००२ साली सरकारनं कारभार सुधारण्याचं विधेयक आणलं: निवडणुकीचे नियम करा, हिशेब दाखवा. ऐकायला कोण नाही म्हणेल? पण मूलनिवासी संघटनांनी जोरदार विरोध केला आणि ते विधेयक बारगळलं. हिशेबाला ना नव्हती. हिशेबाची वही कोण आखून देणार, हा वाद होता.

अल्फ्रेड आणखी एक पाऊल पुढं जातात. ‘सार्वभौमत्व’ हा शब्दच सोडा म्हणतात. तो युरोपचा शब्द, त्यात हुकूम आणि सक्ती गृहीत आहे. तो घेऊन भांडणारा नेता हळूहळू समोरच्यासारखाच होतो. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आपण शब्द उसने घेतो आणि व्याज मोजत नाही.

पण पुढं माझं त्यांच्याशी जमत नाही. त्यांचा उपाय म्हणजे परंपरेच्या मूल्यांकडे परत जाणं. बरं. पण परंपरा काय सांगते हे कोणी सांगायचं? मला या पुस्तकात त्याचं पटेल असं उत्तर सापडलं नाही. अल्फ्रेड ज्या काहनावाकेत वाढले, तिथलंच उदाहरण घ्या. समाजाबाहेर लग्न करणाऱ्यानं वसाहतीत राहायचं नाही, असा तिथला दंडक, १९८१ पासूनचा. अल्फ्रेड म्हणतील, तो तर काउन्सिलचा निर्णय, कुलमातांचा नव्हे. मान्य. पण त्याला आधार दिला तो समाज टिकवण्याचाच, आणि गावातल्या अनेकांचा पाठिंबाही होता. ही भीतीही खोटी नाही; थोडी जमीन, थोडी माणसं, भोवती मॉन्ट्रियलसारखं शहर. तरीही ज्या मोहॉक माणसाला घर सोडायला सांगितलं, त्यानं दाद कुठं मागायची? शेवटी काही जण क्विबेकच्या सुपीरियर कोर्टात गेले, आणि २०१८ साली कोर्टानं तो दंडक भेदभावाचा ठरवला.

ज्या राज्याला अल्फ्रेड आपलं मानत नाहीत, त्याच राज्याच्या दारात ही माणसं उभी राहिली. गावात त्यांचं ऐकणारं दुसरं दार नव्हतं म्हणून.