जिजाईचा विनोद : गौरीच्या अभिनयाविषयी काही विचार

प्रवरेच्या काठी वसलेले नेवासे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला परिचित आहे ते ज्ञानेश्वरीमुळे. शके १२१२ मध्ये तो ग्रंथ येथे सिद्ध झाला. याच गावचे दैवत मोहिनीराज. समुद्रमंथनानंतर विष्णूने स्त्रीरूप घेऊन देवांना अमृत वाटले ते स्थान हेच, अशी येथील श्रद्धा आहे. पुरुषाने धारण केलेले स्त्रीरूप आणि त्या रूपाने प्रतिपक्षाची उडविलेली फजिती हे मोहिनीकथेचे दोन घटक होत. मराठी रंगभूमीवरील आणि प्रारंभीच्या चित्रपटातील स्त्रीभूमिकांचा विचार करताना या कथेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे.

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाली. पुरुषाने स्त्रीरूप घेण्याची जी कथा, तिच्यातील मोहिनी पडद्यावर साकार करावयास एक मुलगी लाभावी, हा योगायोग अर्थपूर्ण म्हटला पाहिजे. तथापि मूकपटाजवळ वाणी नव्हती. मराठी स्त्रीच्या विनोदाचे मुख्य साधन तर तिची वाणीच. ओवी, उखाणे आणि भांडण यांतून तो घडत आलेला. म्हणून विनोदी अभिनेत्रीचा खरा उदय बोलपटाबरोबरच होणे शक्य होते.

हा उदय ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटातील जिजाईच्या रूपाने झाला, असे म्हणण्यास आधार आहे. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात विष्णुपंत पागनीस तुकाराम होते. जिजाई होती गौरी. पागनीस संगीत रंगभूमीवरून आलेले. गौरीच्या पाठीशी असा वारसा नव्हता. ‘प्रभात’मधील किरकोळ कामांतून ती पुढे आली, आणि रसिकांच्या स्मरणात राहिली ती केवळ या एकेरी नावाने. हा भेद चित्रपटाला उपकारक ठरला. पागनीसांची संथ, आत वळलेली मुद्रा आणि गौरीचे सतत कामात गुंतलेले शरीर यांच्या विरोधातूनच येथील विनोद निर्माण होतो. ती विनोद करीत नाही. ती चूल, मुले आणि म्हैस सांभाळते, आणि सांभाळता सांभाळता बोलते. तिच्या वाक्याचा वेग हातातील कामाच्या वेगाने ठरतो. स्त्रीपार्टी नटाच्या अभिनयात स्त्रीत्व हे साध्य होते. गौरीच्या ठिकाणी ते गृहीत आहे, आणि म्हणून तिला लालित्य सोडून देण्याचे स्वातंत्र्य मिळते.

येथे एक आक्षेप संभवतो. कजाग बायको ही संतचरित्रातील जुनी, काहीशी अन्यायकारक योजना आहे. नेवाशाच्या शेजारच्या राहुरी तालुक्यातील ताहराबादच्या महिपतीने (१७१५–१७९०) संतचरित्रांतून या परंपरेला स्थिर रूप दिले. संताची सहनशीलता उठून दिसावी म्हणून पत्नीने कठोर व्हावे, असा हा न्याय. गौरीही याच साच्यात उभी आहे, मग तिचे वेगळेपण कोणते?

त्याचे उत्तर मंदिरातील प्रसंगात मिळते. आजारी मुलाला घेऊन जिजाई देवळात जाते आणि पायातली वहाण हातात घेऊन विठ्ठलाला जाब विचारते. प्रेक्षक प्रथम हसतो. परंतु ते हसू पूर्ण होत नाही, कारण तिच्या रागामागची भीती गौरी लपवीत नाही. त्या क्षणी जिजाई भक्तीची विरोधक राहत नाही. देवाशी भांडणारी स्त्री देवाचे अस्तित्व सर्वांत निःशंकपणे मानते. तुकाराम वैकुंठाला निघतात तेव्हाही तिला घरच्या कामातून सवड नाही. चित्रपटाची कथा तुकारामांच्या बाजूची असली, तरी भाकरीचा प्रश्न अनुत्तरित राहतो, आणि तो तसा राहतो याचे श्रेय गौरीला आहे.

‘संत सखू’ (१९४१) मध्ये हंसा वाडकर सखू झाल्या आणि गौरी त्यांची छळ करणारी सासू. आवाज तोच, हातवारे तेच. हास्य मात्र आटते. जिजाईचा राग अभावातून वर, देवाकडे जातो. सासूचा राग अधिकारातून खाली, सुनेवर कोसळतो. विनोद शब्दांत नसून बोलणाऱ्याच्या स्थानात असतो, हे या दोन भूमिका शेजारी ठेवल्याने जितके स्पष्ट होते तितके विनोदाच्या तात्त्विक चर्चेने क्वचितच होते.

हॉलिवूडशी तुलना येथे उद्बोधक ठरेल. मारी ड्रेसलर ही स्थूल, प्रौढ, रूढ अर्थाने अनाकर्षक अभिनेत्री. ‘टिलीज पंक्चर्ड रोमान्स’ (१९१४) या चित्रपटात चार्ली चॅप्लिन व मेबल नॉर्मंड यांच्यासह तिने प्रमुख भूमिका केली, आणि पुढे ‘मिन अँड बिल’ (१९३०) मधील कामाबद्दल तिला ऑस्कर मिळाले. वय आणि देहयष्टी ही तिची उणीव न मानता तिथल्या निर्मात्यांनी तिच्यासाठी नायिकेच्या भूमिका सिद्ध केल्या. गौरीच्या दोन्ही प्रमुख भूमिकांत चित्रपटाचे नाव संताचे आहे. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात ‘संत तुकारामा’चा गौरव झाला; त्या यशाची चर्चा करताना पागनीसांची तन्मयता आणि दिग्दर्शकांचा संयम यांचा उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु जिजाई वगळली तर तुकारामांची विरक्ती कशाच्या विरुद्ध मोजावयाची, हा प्रश्न उरतो.

मराठी चित्रपटाच्या इतिहासलेखनात विनोदी अभिनेत्रीला ‘साहाय्यक’ या सदरात टाकण्याचा प्रघात आहे. गौरीच्या बाबतीत हे वर्गीकरण टिकणारे नाही. जिजाईने संताच्या कथेला जमिनीवर उभे केले. तिचा विनोद हा कथेला लावलेला अलंकार नसून कथेचा एक पक्ष आहे, आणि त्या पक्षाचे म्हणणे अद्याप पुरते ऐकले गेलेले नाही.