पाच वाक्यांची शिस्त

इंग्लंड आणि वेल्ससाठी २००५ साली ‘मेंटल कपॅसिटी ॲक्ट’ झाला आणि २००७मध्ये तो अमलात आला. स्मृतिभ्रंश, मेंदूची इजा, बौद्धिक अक्षमता, गंभीर मानसिक आजार यांमुळे एखाद्याला स्वतःचा निर्णय घेता येत नसेल, तर त्याच्या वतीने तो कोणी, कधी आणि कसा घ्यायचा, हे त्यात सांगितलं आहे. तिथे सोशल वर्कर असो की केअर होममधली मदतनीस, तिच्या प्रशिक्षणात या कायद्याचं पहिलं कलम येतंच. त्या कलमात पाच तत्त्वं आहेत, जेमतेम पाच वाक्यांची. मला ती उत्तम गद्य म्हणून वाचावीशी वाटतात, आणि त्यांचं खरं सौंदर्य त्यांच्या क्रमात आहे.

पहिलं तत्त्व म्हणतं, माणूस निर्णय घ्यायला सक्षम आहे असंच धरून चाला. तसं नसेल तर ते दाखवून देण्याचा भार शंका घेणाऱ्यावर. दुसरं: त्याला मदत करण्याचे सगळे शक्य उपाय थकल्याशिवाय त्याला अक्षम म्हणू नका. तिसरं: त्याचा निर्णय शहाणपणाचा नाही, एवढ्यावरून तो अक्षम ठरत नाही. चौथं: अक्षमता ठरलीच, तर त्याच्यासाठी जे कराल ते त्याच्या हिताचं असू द्या. पाचवं: ते करण्याआधी, त्याच्या हक्कांवर आणि स्वातंत्र्यावर कमी बंधन आणणारा मार्ग आहे का, ते पाहा.

‘हित’ आलं ते थेट चौथ्या वाक्यात. सेवेच्या ओढीने या कामात आलेल्या माणसाचं मन मात्र तिथूनच सुरू होतं. आजी पडतील, उपाशी राहतील, कोणीतरी त्यांना फसवेल, ही काळजी खरी असते आणि घाईची असते. कायदा त्या काळजीला नाकारत नाही. तिच्या आधी तीन वेळा थांबायला लावतो आणि परवानगी दिल्यावरही पाचव्या वाक्यात पुन्हा हात धरतो. अख्ख्या कलमात हस्तक्षेपाची मोकळीक एकाच ठिकाणी आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना संयम उभा आहे.

दुसऱ्या वाक्याशी मी सर्वांत जास्त रेंगाळतो. समजा, घरात पडलेल्या एक आजी रुग्णालयात आहेत आणि ‘मला घरी जायचंय’ एवढंच म्हणताहेत. संध्याकाळी, गजबजलेल्या वॉर्डात, कानातलं यंत्र काढून ठेवलेलं असताना कोणी त्यांना प्रश्न विचारले आणि त्या गोंधळल्या, तर कमी कोण पडलं? सकाळी, शांत खोलीत, चष्मा लावून, एका वेळी एकच गोष्ट विचारली असती तर? आजींची परीक्षा घेण्याआधी हे वाक्य परीक्षकाची परीक्षा घेतं. इंग्लंडमध्ये आयुष्य घालवलेल्या मराठी आजी-आजोबांना हे वाक्य फार जवळचं आहे. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते. अशा वेळी मराठी जाणणारा दुभाषा मिळवणं हाही शक्य उपायांपैकीच एक, आणि तो दुभाषा शक्यतो घरचा नसावा, कारण मुलाच्या भाषांतरात मुलाची इच्छाही मिसळते. माहिती समजणं, ती ध्यानात ठेवणं, तिचा सारासार विचार करणं आणि निर्णय कळवणं, एवढंच पाहायचं असतं. माहिती थोडाच वेळ ध्यानात राहिली, म्हणून माणूस अक्षम ठरत नाही. कळवायला तर पापणीची उघडझापही चालते.

तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यातलं नातं दोन खटल्यांत उमगतं. १९९३ साली ब्रॉडमूर या सुरक्षा रुग्णालयातल्या, स्किझोफ्रेनिया असलेल्या ६८ वर्षांच्या माणसाने गँगरीन होऊनही पाय कापायला नकार दिला. तो निर्णय घ्यायला सक्षम आहे, असं म्हणून न्यायालयाने त्याचा नकार राखला. पुढच्या कायद्याची बीजं या निकालात आहेत. २०१५ साली ७३ वर्षांच्या दुसऱ्या एका रुग्णासमोर तोच प्रसंग आला. हा मात्र सक्षम नाही, असं ठरलं. न्यायमूर्ती पीटर जॅक्सन रुग्णालयात जाऊन त्याला स्वतः भेटले आणि त्याच्या इच्छेविरुद्ध पाय कापणं त्याच्या हिताचं नाही, असा निकाल त्यांनी दिला. एक सक्षम, एक अक्षम, तरी ऐकलं गेलं दोघांचंही. क्षमता गेली म्हणून माणसाचं म्हणणं संपत नाही. चौथ्या वाक्यातल्या हितामध्ये त्याच्या इच्छा, भावना, श्रद्धाही मोजल्या जातात.

वाक्यं सुंदर असली तरी कामात ती आपोआप उतरत नाहीत. २०१४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने कायद्याची वाखाणणी केली आणि अंमलबजावणीवर कडक टीका केली. कुठे धोका टाळण्याच्या नादात माणसांचे निर्णय हिसकावले जात होते; कुठे ‘ते सक्षम आहेत, असं धरलंय’ म्हणत मदतीची गरज असलेल्यांना वाऱ्यावर सोडलं जात होतं. ही दुसरी चूक मला जास्त बोचते, कारण ती पहिल्याच वाक्याची ढाल करते. दुसरं वाक्य गाळून पहिलं वाचलं की आदराची जागा बेपर्वाई घेते. म्हणून प्रशिक्षणात पाचही वाक्यं पाठ होणं पुरेसं नाही. एका जिवंत माणसासमोर बसून ती पाचही, त्याच क्रमाने वापरायची सवय हातात मुरावी लागते.

भारताच्या २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही तिसऱ्या वाक्याचा सख्खा भाऊ आहे: उपचारांबाबतचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, केवळ म्हणून रुग्ण अक्षम ठरत नाही. त्याच्या मसुद्याला पुण्याच्या डॉ. सौमित्र पठारे यांचा हातभार लागला. पण तो कायदा मानसिक आरोग्याच्या उपचारांपुरता बोलतो. आजींनी कुठे राहावं, किती वाजता जेवावं, कोणाला भेटावं, हे आपल्याकडे बहुतेकदा मायेने आणि त्यांना न विचारता ठरतं. आपल्या वृद्धाश्रमांत आणि निवारागृहांत रुजू होणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात ही पाच वाक्यं शिकवावीत. माया त्यांच्यापाशी असतेच. तिला आधी विचारायची सवय लावणं, हे प्रशिक्षणाचं काम आहे.