संदर्भसूचीतील एका नोंदीची चिकित्सा
प्रकाशा येथील उत्खनन-अहवालाच्या निमित्ताने

संदर्भसूची तयार करणे हे लेख लिहून झाल्यावर उरणारे कारकुनी काम होय, असा समज आपल्या विद्यार्थिवर्गात आणि काही अंशी अध्यापकवर्गातही रूढ आहे. नाव आधी की वर्ष आधी, स्वल्पविराम कोठे आणि पूर्णविराम कोठे, एवढ्यावरच त्याविषयीची चर्चा थांबते. वस्तुतः सूचीतील प्रत्येक नोंद हे एक विधान असते. अमुक व्यक्तीने अमुक गोष्ट अमुक वेळी, अमुक ठिकाणी छापली, असे ते विधान सांगते. आणि इतर कोणत्याही विधानाप्रमाणे तेही खरे किंवा खोटे ठरू शकते. हे स्पष्ट व्हावे म्हणून खानदेशाच्या पुरातत्त्वावरील लेखांत सर्वत्र येणारी एकच नोंद येथे तपासावयाची आहे.

तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा हे गाव भाविकांना दक्षिणकाशी म्हणून परिचित आहे. तेथील पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या वतीने बी. के. थापर यांनी १९५५ साली केले. ताम्रपाषाण युगापासून मध्ययुगाच्या आरंभापर्यंतच्या वस्तीचे चार कालखंड तेथे निश्चित झाले. या कामाचे संक्षिप्त वृत्त खात्याच्या १९५४-५५ च्या वार्षिक समालोचनात आले. सविस्तर अहवाल मात्र ‘एन्शन्ट इंडिया’ या खात्याच्या पत्रिकेच्या २० व २१ या जोड अंकात, पृष्ठे ५ ते १६७ वर, प्रसिद्ध झाला. त्या अंकावर १९६४ व १९६५ ही वर्षे आहेत. अंक छापून बाहेर पडला तो १९६७ मध्ये. शिवाय अहवालाच्या शीर्षकातच ‘प्रकाश १९५५’ असा वर्षाचा निर्देश आहे.

म्हणजे एका अहवालाशी तीन काळ निगडित झाले : कुदळ पडली तो, अंकाचा आणि मुद्रणाचा. आपल्याकडील लेखांत या अहवालाचा निर्देश कधी १९५५, कधी १९६५, तर कधी १९६७ असा आढळतो; क्वचित एकाच लेखाच्या मजकुरात एक आणि सूचीत दुसरा, असेही होते. ही केवळ लेखनातील हयगय आहे काय?

तसे मानता येत नाही. प्रकाशा येथील पहिल्या कालखंडाचे दोन उपविभाग करण्यात आले, आणि त्यांपैकी दुसरा जोर्वे पद्धतीच्या मृत्पात्रांच्या आगमनाने ओळखला जातो. या मृत्पात्रांना ज्या गावाचे नाव मिळाले त्या जोर्व्याचे उत्खनन १९५०-५१ मध्ये झाले, आणि नाशिक व जोर्वे यांचा एकत्रित अहवाल ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५५ साली प्रसिद्ध केला. नेवाशाचा अहवाल १९६० चा. आता ‘थापर १९५५’ असे लिहिले की प्रकाशा व जोर्वे हे अहवाल समकालीन ठरतात, आणि नेवाशाचा अहवाल नंतरचा ठरतो. वाचकाची अशी समजूत होईल की, थापरांनी आपले कालविभाग नेवाशाचा पुरावा छापला जाण्यापूर्वीच जगापुढे ठेवले. ‘१९६७’ लिहिताच चित्र पालटते : नेवाशाचा अहवाल तेव्हा सात वर्षे अभ्यासकांच्या हाती होता. कोणी कोणाच्या आधारे अनुमान केले, हा संशोधनाच्या इतिहासातील मूलभूत प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर कंसातील चार अंकांवर अवलंबून आहे.

नाव-वर्ष ही निर्देशपद्धती प्राणिशास्त्रातून आली. हार्वर्ड विद्यापीठातील एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ च्या निबंधात तिचा आरंभ दाखविला जातो. जेथे प्रयोग आणि प्रसिद्धी यांत फारसे अंतर नसते, तेथे एक वर्ष पुरते. ज्या शास्त्रात जमीन खणणे आणि अहवाल छापणे यांत बारा वर्षे जातात, तेथे ते पुरत नाही. तथापि पद्धतच टाकून देण्याचे कारण नाही. मजकुरात व नोंदीच्या आरंभी मुद्रणवर्ष १९६७ द्यावे. शीर्षकातील १९५५ तसेच ठेवावे. अंकक्रमांकापुढे १९६४ व १९६५ ही अंकवर्षे लिहावीत. अशी नोंद चार शब्दांनी लांबेल, पण तिन्ही काळ आपापल्या जागी राहतील.

दुसरा प्रश्न नावांचा. रोमन लिपीत छापलेल्या शीर्षकात गावाचे नाव ‘प्रकाश’ व नदीचे ‘ताप्ती’ असे वाचावयास मिळते. काही लेखक सूचीतच ती ‘सुधारून’ घेतात. काही तर पत्रिकेचे नावही भाषांतरित करून ‘प्राचीन भारत’ असे देतात, आणि या नावाने ग्रंथालयात विचारणा करणाऱ्या विद्यार्थ्याला रिकाम्या हाताने परतावे लागते. नोंदीतील शीर्षक जसे छापले तसेच राहिले पाहिजे. फार तर लिप्यंतर करावे, भाषांतर करू नये. याउलट, लेखाच्या मजकुरात गावाचे खरे नाव प्रकाशा असेच असावे. तेथे ‘प्रकाश येथील उत्खनन’ असे लिहिणे हे रोमन लिपीचे अंधानुकरण होय. जिल्ह्याचेही तसेच. उत्खननाच्या वेळी हे गाव मुंबई राज्याच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते, पुढे ते धुळे जिल्ह्यात गणले गेले, आणि १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. जुना उल्लेख उद्धृत करताना जुना जिल्हा आणि स्वतःच्या वाक्यात आजचा जिल्हा, हा विवेक पाळल्यास एका गावाची तीन गावे होणार नाहीत.

लेखकनामांतही हाच घोटाळा होतो. ‘एच. डी. सांकलिया’ आणि ‘ह. धी. सांकलिया’ अशा दोन नोंदी एकाच सूचीत आल्या की नवख्या वाचकाला त्या दोन व्यक्ती वाटतात. मराठी सूचीत एकच रूप स्वीकारावे, आडनाव प्रथम घ्यावे, आणि क्रम देवनागरी वर्णमालेचा ठेवावा. रोमन लिपीतील नोंदी मूळ लिपीतच द्यावयाच्या असतील, तर त्यांचा विभाग स्वतंत्र करावा.

राहता राहिली पृष्ठांची गोष्ट. एखाद्या मृत्पात्राच्या काठाविषयी विधान करून आधार म्हणून ‘पृष्ठे ५ ते १६७’ देणे, म्हणजे आधार न देणेच होय. अशी नोंद बहुधा अहवाल न पाहताच, एखाद्या नंतरच्या सर्वेक्षणग्रंथावरून उचललेली असते. तसे असल्यास तो मधला ग्रंथ नमूद करण्यात कमीपणा नाही. न वाचलेले वाचले म्हणून दाखविण्यात मात्र अप्रामाणिकपणा आहे. आज संगणक क्षणार्धात सूची जुळवून देतो, स्वल्पविरामही बिनचूक घालतो. परंतु त्याला पुरविलेले वर्ष चुकीचे असेल, तर तो तीच चूक नेटकेपणाने मांडतो. अंक उघडून मुखपृष्ठ व मुद्रणपृष्ठ पाहण्याचे काम अभ्यासकालाच करावे लागते.

शहादा किंवा तळोदा येथील एखाद्या महाविद्यालयातून आलेल्या विद्यार्थ्याला आपल्या परिसरातील त्या टेकाडाविषयी प्रथम वाचावयास मिळते, ते बहुधा आपल्यासारख्यांच्या लेखात. त्या लेखाच्या शेवटी दिलेली नोंद हाती घेऊन त्याला मूळ अहवालापर्यंत पोचता आले, तरच तो आपले म्हणणे तपासू शकेल, आणि प्रसंगी खोडूनही काढू शकेल. सूचीची नीट मांडणी करावयाची ती याचसाठी.