पेटाऱ्याबाहेर राहिलेली माणसे : आग्र्याच्या नजरकैदेवरील किशोर-ऐतिहासिक कथनातील धैर्य आणि मैत्री

मराठी वाचकाला कैदेची पहिली ओळख बहुधा आग्र्याच्या प्रसंगातून होते. इयत्ता चौथीच्या ‘शिवछत्रपती’ या पाठ्यपुस्तकातील ‘बादशहाच्या हातावर तुरी’ हे प्रकरण महाराष्ट्रात शिकलेल्या कित्येक पिढ्यांना आठवते. पुढे तेराव्या-चौदाव्या वर्षी हाच प्रसंग कादंबरीच्या रूपाने पुन्हा भेटतो. रणजित देसाई यांची ‘श्रीमान योगी’ (१९६८) आणि शिवाजी सावंत यांची ‘छावा’ (१९७९) या कादंबऱ्या प्रौढांसाठी लिहिलेल्या असल्या, तरी त्यांचा पहिला वाचक अनेकदा शाळकरी असतो. म्हणून प्रस्तुत लेखात ‘किशोर-ऐतिहासिक कथन’ ही संज्ञा व्यापक अर्थाने योजली आहे. मुलांसाठी लिहिलेली छोटेखानी ऐतिहासिक कादंबरी आणि मुलांच्या हाती सहज जाणारी मोठी कादंबरी या दोन्हींचा तीत समावेश होतो. या कथनपरंपरेत धैर्य कोणाच्या वाट्याला येते आणि मैत्रीला कोणते स्थान मिळते, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

हा प्रश्न प्रस्तुत लेखिकेला ग्रंथालयात सुचलेला नाही. यवतमाळ जिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या वर्गात ऐतिहासिक कादंबरी शिकविताना आग्र्याचा विषय निघाला. पेटारे, मिठाई, पहारेकरी हे सारे विद्यार्थ्यांना तोंडपाठ होते. तेव्हा मागील बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, पाय चेपत बसलेल्या पोराचं पुढे काय झालं?” वर्ग हसला. मला मात्र उत्तर देता आले नाही. एम.फिल.च्या प्रबंधिकेसाठी ऐतिहासिक कादंबऱ्यांचा अभ्यास करूनही तो मुलगा आपल्याला कधी दिसलाच नव्हता, ही जाणीव अस्वस्थ करणारी होती.

इतिहासाचा सांगाडा सर्वपरिचित आहे. पुरंदरच्या तहानंतर (जून १६६५) शिवाजी महाराज १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात उपस्थित झाले. तेथे अपमान झाला, त्यानंतर नजरकैद आली आणि फुलादखानाचा पहारा बसला. १७ ऑगस्ट १६६६ रोजी ते निसटले. कथनाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते यानंतर घडते. पेटारे बाहेर पडताच निवेदकही त्यांच्याबरोबर बाहेर पडतो. मथुरेची वाट, बैराग्याचा वेष, राजगडावरील मायलेकरांची भेट असा क्रम ठरलेला असतो. मागे राहिलेल्या खोलीत निवेदक क्वचितच रेंगाळतो. वाचकाची उत्कंठा सुटणाऱ्याशी जोडलेली असल्याने हे स्वाभाविक आहे, असे म्हणता येईल. परंतु कैदेचे कथानक जेव्हा सुटकेचे कथानक बनते, तेव्हा धैर्याचा अर्थ ‘निसटणे’ एवढाच उरतो आणि तो अर्थ फार तोकडा आहे.

त्या खोलीत कोण होते? कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजी येथे १६९७ मध्ये लिहिलेल्या बखरीनुसार महाराजांच्या पलंगावर हिरोजी फर्जंद निजला होता. अंगावर पांघरूण होते, हात तेवढा बाहेर होता आणि जवळ पाय चेपणारे एक पोर होते. बखरीत त्या पोराला नाव नाही. पुढील परंपरेने त्याला मदारी मेहतर हे नाव दिले. कादंबरी, नाटक आणि चित्रपटांनी ते रुजविले. समकालीन साधनांत मात्र या नावाला आधार मिळत नाही, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे. हा वाद खरा की खोटा, हे ठरविण्यात साहित्याच्या अभ्यासकाने फार शक्ती खर्चू नये, असे माझे मत आहे. लक्षणीय बाब निराळीच आहे. नाव मिळाल्यानंतरही त्या मुलाला मन मिळाले नाही. तो निष्ठेचे प्रतीक झाला, पात्र झाला नाही. रात्रभर तो काय ऐकत होता? पहारेकरी डोकावला तेव्हा त्याचे हात थांबले का? पलंगावरील माणूस राजा नाही हे ठाऊक असताना त्याचे पाय चेपत राहण्यासाठी लागणारे धैर्य तलवारीच्या धैर्याहून वेगळ्या जातीचे आहे. दुसऱ्या दिवशी महाराजांना बरे नाही, गडबड करू नका, असे पहाऱ्याला बजावून दोघे बाहेर पडले, असे परंपरा सांगते. त्या मधल्या तासांत एक संपूर्ण किशोर-कादंबरी सामावलेली आहे.

दुसरे मूल तर राजपुत्रच आहे. १४ मे १६५७ रोजी जन्मलेले संभाजीराजे त्या वेळी नऊ वर्षांचे होते. पित्याला दरबार बंद झाल्यावरही रामसिंगाबरोबर ते दरबारात जात होते. ज्याने पित्याला कैदेत ठेवले त्याच्याच समोर रोज उभे राहावयाचे, त्याच्या हातून भेटवस्तू स्वीकारावयाच्या आणि डेऱ्यावर परतल्यावर वडिलांच्या नजरेला नजर द्यावयाची, हा अनुभव मुलाच्या मनातून लिहिला गेला पाहिजे. सुटकेनंतर त्यांना मथुरेस मोरोपंतांच्या नातलगांकडे ठेवण्यात आले आणि ते मरण पावल्याची हूल उठविण्यात आली. ‘छावा’चा नायकच संभाजीराजे असल्याने सावंतांनी या बालपणाकडे इतरांपेक्षा अधिक लक्ष पुरविले आहे, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. परंतु तेथेही भावी छत्रपतीची छाया नऊ वर्षांच्या मुलावर सतत पडलेली असते. त्याला भीती वाटण्याची मोकळीक फारशी मिळत नाही. भीती नसलेल्या मुलाचे धैर्य वाचकाला दिपविते खरे. वाचकाच्या स्वतःच्या भीतीला मात्र ते सोबत करीत नाही.

मैत्रीविषयी आपली परंपरा अधिकच संकोची आहे. मागे राहणाऱ्यांच्या कृतीला ती एकच शब्द देते, तो म्हणजे स्वामिनिष्ठा. हा शब्द त्या काळाचा आहे आणि तो टाळावा असे माझे म्हणणे नाही. तथापि त्याच्या आड माणसामाणसांतील कितीतरी नाती झाकली जातात. जयपूरच्या अधिकाऱ्यांची समकालीन पत्रे जदुनाथ सरकारांनी प्रकाशात आणली. त्यांत दिसणारा रामसिंग या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. मिर्झा राजांचा हा पुत्र महाराजांसाठी जामीन राहिला होता. तो जामीन मागे घ्यावा, अशी विनंती स्वतः महाराजांनी त्याला केल्याचे उल्लेख आहेत. या विनंतीत राजकारण असेल, पण आपल्या सुटकेची किंमत दुसऱ्याने मोजू नये ही भावनाही असू शकते. ती किंमत रामसिंगाला मोजावी लागलीच. त्याला दरबार बंद झाला. रघुनाथ बल्लाळ कोरडे आणि त्र्यंबक सोनदेव डबीर पकडले गेले, त्यांचा छळ झाला आणि १६६७ मध्ये ते सुटले. आपल्या किशोर-कथनांत या दोघांना सहसा एखादे वाक्य मिळते. शत्रूच्या गोटातील स्नेही आणि पकडले गेलेले सोबती ही दोन्ही पात्रे मुलांना कठीण वाटतील, असे आपण गृहीत धरतो. शाळेच्या मैदानावर दुसऱ्याच्या खोडीची शिक्षा स्वतः भोगलेल्या मुलाला ती मुळीच कठीण वाटणार नाहीत.

याउलट टोकाचे उदाहरण इंग्रजीत आहे. जॉन बॉइन यांच्या ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ (२००६) या कादंबरीत छळछावणीच्या अधिकाऱ्याचा मुलगा आणि तारेपलीकडील ज्यू मुलगा यांची मैत्री आहे. ती जगभर वाचली गेली. तथापि २०२० मध्ये ऑशविट्झ स्मारक-संग्रहालयाने इतिहास शिकणाऱ्यांनी व शिकविणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावे, असे जाहीरपणे सुचविले. तेथील मैत्री अज्ञानावर उभी आहे. ब्रूनोला तारेचा अर्थ कळत नाही, म्हणून तो ती ओलांडतो. खोलीतील त्या पोराला मात्र सारे कळत होते. मैत्रीच्या मोहापायी इतिहास सैल करणे आणि इतिहासाच्या धाकापायी मैत्री गाळणे, या दोन दोषांपैकी आपल्याकडे दुसरा अधिक आढळतो.

आग्र्याची कैद काही महिन्यांची होती. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर सात वर्षांचे शाहूराजे मातोश्री येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेले आणि १७०७ मध्ये बाहेर आले. त्यांचे सारे बालपण व तारुण्याचा आरंभ छावणीत सरला. शाहूंवरील धर्मांतराचे संकट टळावे म्हणून प्रतापराव गुजरांच्या पुत्रांनी १७०३ मध्ये ते स्वतःवर घेतले, असे परंपरा सांगते. येथे पेटारे नाहीत, वेषांतर नाही, पाठलाग नाही. म्हणूनच आग्र्याइतका हा विषय मुलांच्या कथनांना आकर्षक वाटलेला दिसत नाही. रोज सकाळी त्याच तंबूत उठणाऱ्या मुलाचे आणि त्याच्यासाठी स्वतःची ओळख गमावणाऱ्या सोबत्याचे कथानक लिहिणे अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. पण कैद म्हणजे प्रामुख्याने वाट पाहणे असते आणि ते लिहून दाखविणारी कादंबरी मुलांच्या हाती देता आली, तर आग्र्याची खोलीही आपण नव्याने वाचू लागू.

त्या विद्यार्थिनीला मी पुढच्या तासाला सांगितले की, त्या पोराचे पुढे काय झाले हे बखर नीटसे सांगत नाही. ती म्हणाली, “मग कोणीतरी लिहायला पाहिजे ना.” तिच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या गृहपाठासाठी मी तोच विषय दिला आहे.